मौनाची मोजदाद : पोर्तुगीज प्रजासत्ताकाचा अंत

गिरगांव-धोबीतलावच्या परिसरांत पोटापाण्यासाठीं आलेल्या गोमंतकीयांचा लिस्बनच्या राजकारणाशीं संबंध काय, असें कोणासही वाटेल. परंतु तो संबंध निकटचा होता. ५ ऑक्टोबर १९१० रोजीं पोर्तुगालांत राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आलें. धर्मसंस्था राज्यापासून विभक्त झाली. आणि शतकानुशतकें दुय्यम लेखल्या गेलेल्या गोव्यांतील हिंदूंना समान नागरिकत्व लाभलें. हें प्रजासत्ताक मात्र अवघीं सोळा वर्षें टिकलें.

त्याचा पायाच कच्चा होता. १९१३ च्या कायद्यानें मताचा अधिकार साक्षर पुरुषांपुरताच ठेवला. त्यामुळें खेड्यांतील बहुसंख्य शेतकरी राज्याला परकाच राहिला. १९१६ सालीं देश महायुद्धांत उतरला. कर्ज वाढलें, चलन घसरलें, महागाईनें मध्यमवर्ग हैराण झाला. सोळा वर्षांत चाळिसांहून अधिक मंत्रिमंडळें आलीं नि गेलीं. १९२१ सालीं तर पंतप्रधान अंतोनियु ग्रांजु यांचा, त्यांनीं राजीनामा दिला त्याच दिवशीं, खून झाला. 'स्वातंत्र्य पुरे, आतां शिस्त हवी' ही भावना बळावली. २८ मे १९२६ रोजीं जनरल गोमिश द कोश्ता सैन्यासह ब्रागाहून निघाला, तेव्हां प्रजासत्ताकाच्या रक्षणासाठीं फारसें कोणी पुढें आलें नाहीं. कित्येक प्रजासत्ताकवाद्यांनींही त्याचें स्वागत केलें; ही व्यवस्था तात्पुरती आहे, अशी त्यांची समजूत होती.

१९२८ सालीं अर्थशास्त्राचा प्राध्यापक सालाझार अर्थमंत्री झाला. सर्व खात्यांच्या खर्चावर आपला ताबा असावा, ही त्याची अट होती. अंदाजपत्रकाची तोंडमिळवणी झाली, आणि त्या पुण्याईवर १९३२ सालीं तो पंतप्रधान झाला. १९३३ सालीं नव्या घटनेवर जनमत घेतलें गेलें. त्यांत मत न देणारेही अनुकूल धरण्यांत आले. मौन हें संमतीचें लक्षण, ही म्हण तेथें राज्याचा आधार झाली. संसद नांवाला उरली. पक्ष एकच, वृत्तपत्रांवर नियंत्रण, आणि पाठीशीं गुप्त पोलीस. या राजवटीला काटेकोर अर्थानें फॅसिस्ट म्हणावें कीं नाहीं, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु तुरुंगांतील माणसाला त्या वादाचा उपयोग नव्हता.

गोव्याला याची झळ आधींच लागली होती. १९३० च्या वसाहत कायद्यानें वसाहती बाळगणें हें पोर्तुगालचें स्वाभाविक कार्य ठरविलें. लुईस मिनेझिस ब्रागांझा यांनीं गोव्याच्या कौन्सिलांत त्याचा निषेध केला. पुढें परवानगीवांचून सभा घेणेंही अशक्य झालें, तेव्हां गोव्याचा आवाज मुंबईंतून उठूं लागला. १९३८ सालीं टी. बी. कुन्हा यांनीं गोवा काँग्रेसची शाखा येथें काढली. १८ जून १९४६ रोजीं डॉ. राममनोहर लोहियांनीं मडगांवांत बंदी मोडली. त्याच वर्षीं कुन्हांना लष्करी न्यायालयानें आठ वर्षांची शिक्षा दिली व पोर्तुगालांत धाडलें. तेथून निसटून ते मुंबईस परतले आणि १९५८ सालीं येथेंच निवर्तले.

गोवा १९६१ सालीं मुक्त झाला. खुद्द पोर्तुगालची हुकूमशाही मात्र २५ एप्रिल १९७४ पर्यंत टिकली. थोड्या दिवसांच्या शिस्तीसाठीं जें हातचें सोडलें, तें परत मिळण्यास त्या देशाला अठ्ठेचाळीस वर्षें लागलीं.