पासबुक एका शाखेचे, बँक सगळ्यांची

लेजरचा ताळा बसेना आणि फरकाला नऊने नि:शेष भाग गेला, तर कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली, ५४ चे ४५ लिहिले, असा संशय घ्यायचा. बँकेत लागलो तेव्हा हेडक्लार्कने शिकवलेला हा पहिला धडा. सहामाही हिशेबाच्या रात्री चहाच्या कपांवर कप रिचवत आम्ही हा शोध घेत असू. जुने सहकारी त्या रात्रींच्या आठवणींनी आजही गहिवरतात. मी नाही गहिवरत.

कारण तुमचे खाते तेव्हा बँकेत नसेच मुळी. एका शाखेतल्या एका लेजरच्या एका पानावर असे. दादरच्या शाखेतले पैसे चिपळूणच्या शाखेत सहजी काढता येत नसत, पाटी दोन्हीकडे एकाच बँकेची असली तरी. मग डिमांड ड्राफ्ट काढा, त्याची सूचना टपालाने पाठवा. परगावचा चेक वटायला दोन-तीन आठवडे सहज जात. गावी आई आजारी असली की ते आठवडे केवढे होतात, हे काउंटरपलीकडे उभा असलेलाच जाणे.

संगणक आले म्हणून हे लगेच मिटले नाही. आधी शाखेशाखेत सुटे संगणक आले, म्हणजे वही गेली आणि पेटी आली, इतकेच. चित्र पालटले ते कोअर बँकिंगमुळे, २००० नंतरच्या दशकात. सगळ्या शाखांच्या नोंदी एका केंद्रातल्या सर्व्हरवर गेल्या. २००५ ची एनईएफटी काय आणि २०१६ ची यूपीआय काय, या एका सामायिक वहीच्याच जिवावर चालतात.

‘पण सगळे एकाच जागी, आणि तिथेच आग लागली तर?’ असे लोक विचारतात. म्हणूनच दुसरी प्रत दूरच्या शहरात, वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात ठेवतात आणि अधूनमधून तिथून कारभार चालवून पाहतात. आमच्या लेजरला दुसरी प्रत नव्हती, वाळवीची मर्जी. आता ‘सर्व्हर डाऊन’ म्हटले की सगळ्या शाखा एकदम हात चोळत बसतात, हे खरेच.

चोरीची भीतीही खोटी नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातली मोठी रक्कम देशोदेशीच्या एटीएममधून निघाली. चोरांनी मूळ वहीला विचारूच दिले नाही. पैसे द्यावेत का, या एटीएमच्या प्रश्नाला मधल्यामध्येच खोटा होकार दिला. खातेदारांच्या नावावरच्या रकमांना धक्का लागलेला नाही, असे बँकेने तेव्हा जाहीर केले होते.