कुंपण नसलेली बाग

फुलांची सार्वजनिक बाग म्हटली की नागपूरकराला महाराजबाग आठवते, पुणेकराला एम्प्रेस गार्डन. गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडला लागून असलेल्या सालेकसा तालुक्यात फुलांसाठी सहसा कोणी येत नाही. पर्यटक येतात ते पावसाळ्यात, हाजरा फॉल बघायला. उन्हाळा लागला की धबधब्याची धार बारीक होते, गर्दी ओसरते आणि नेमके तेव्हाच धबधब्याजवळच्या दरेकसा गावाभोवतीचे डोंगर फुलायला लागतात. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीत कॅमेरा घेऊन हिंडायचा खरा हंगाम माझ्या मते हाच.

माघ पौर्णिमेला इथल्याच कचारगडच्या गुहांपाशी गोंड समाजाची यात्रा भरते. ती पांगते न पांगते तोच पळस भरात येतो. सोबत काटेसावर असते, उतारांवर लालभडक धायटी आणि खडकाळ जागी सोनपिवळी गणेर. हावडा-मुंबई रेल्वेमार्ग याच जंगलातून डोंगरगडकडे जातो, त्यामुळे गाडीच्या खिडकीतूनही पळस भरपूर दिसतो. फोटोसाठी मात्र खाली उतरावेच लागते.

पळसाचा फोटो सोपा वाटतो, पण हमखास फसतो. भर उन्हात कॅमेऱ्याला तो केशरी रंग झेपत नाही. पाकळ्यांचा नुसता एक डाग उरतो आणि देठाकडची काळपट, मखमली टोपी हरवते. एक्स्पोजर थोडे कमी ठेवावे, ऊन तिरपे असताना जावे. पानझड झालेल्या फांदीमागे पांढुरके आकाश घेण्यापेक्षा सावलीतला डोंगर घ्यावा. मग थोडे थांबावे. मैना, कोतवाल, शिंजीर मधासाठी येतातच, आणि त्यांच्या चोचीला लागलेला पराग दिसला की या रंगाचे प्रयोजनही कळते.

मोहाचे वेळापत्रक निराळे. त्याची फुले रात्री उमलतात, वटवाघळे त्यांच्यावर येतात आणि पहाटेपासून फिकट पिवळी, गरदार फुले टपटप खाली पडू लागतात. झाडावर बघण्यासारखे फारसे नसते. सगळी शोभा जमिनीवर. ऊन चढेपर्यंत तीही टोपल्यांत गेलेली असते. कोणत्या झाडाखाली कोणी वेचायचे, हे गावोगाव रीतीने ठरलेले असते. अंगणात वाळवलेली फुले घरात खायला लागतात, बाजारात विकली जातात. पुढे टोरीचे, म्हणजे मोहाच्या बियांचे, तेलही निघते. 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क वनवासीयांना दिला आहे. तेव्हा ही बाग सगळ्यांना खुली असली, तरी खालचे फूल कोणाची तरी कमाई आहे.

वेचणे सोपे जावे म्हणून काही ठिकाणी झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. धुरातून येणारी किरणे फोटोत सुंदर दिसतात हे खरे, पण तो फोटो काढण्यात मला तरी गंमत वाटत नाही.

एप्रिल सरताना पळस संपून बहावा सुरू होतो. त्याचे झुपके खाली लोंबतात, म्हणून झाडाखाली उभे राहून, उजेडाकडे तोंड करून टिपले तर पिवळा रंग आतून उजळतो.

मोहासाठी जाणार असाल तर उजाडण्याआधी पोहोचा, फ्लॅश बंद ठेवा आणि पडलेल्या फुलांवर पाय देऊ नका. वेचणाऱ्या बाईचा फोटो हवा असेल तर आधी विचारा. ती नाही म्हणाली तर कॅमेरा खाली घ्या.