कुलाब्याच्या नोंदवह्या आणि चुंबकावरणातल्या लहरी

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर एक झगझगीत स्फोट दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी त्याचा तडाखा पृथ्वीला बसला आणि २ सप्टेंबरला, दुपार होण्याआधी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आला. आपल्या किनाऱ्यावर हा घटक ३८,००० नॅनोटेस्लाच्या आसपास असतो आणि शांत दिवशी तो चाळीस-पन्नासनेच वरखाली होतो. तेव्हा ही घसरण किती मोठी होती, हे वेगळं सांगायला नको. फोटोच्या कागदावर आपोआप नोंद होण्याची सोय तेव्हा कुलाब्यात नव्हती. लटकवलेला चुंबक किती वळला ते दुर्बिणीतून मोजपट्टीवर डोळ्यांनी वाचायचं आणि आकडा वहीत उतरवायचा, असं ते काम होतं. गडबड दिसली की वाचनं दाट घ्यायची, ही शिस्त त्या कर्मचाऱ्यांनी पाळली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्षसिंग लखीना आणि एस. अॅलेक्स यांनी ‘जर्नल ऑफ जिओफिजिकल रिसर्च’मध्ये या वह्यांचा अभ्यास मांडला, तेव्हा आधुनिक इतिहासातलं बहुधा सर्वांत भीषण चुंबकीय वादळ आकड्यांत पकडता आलं. लखीना हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे माजी संचालक. चुंबकावरणातल्या लहरी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. लहरींचा अभ्यासक जुन्या वह्यांकडे वळतो, हा योगायोग नाही. अवकाशातल्या लहरींचं शास्त्र यानांवर जितकं उभं आहे, तितकंच जमिनीवर पिढ्यानपिढ्या न चुकता ठेवलेल्या नोंदींवर उभं आहे, आणि त्या नोंदी जपणं ही महाराष्ट्राची जबाबदारी आहे.

आधी या लहरी म्हणजे काय ते पाहू. सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्याला अडवतं आणि त्यातून पृथ्वीभोवती जी पोकळी तयार होते, तिला चुंबकावरण म्हणतात. ते रिकामं नसतं. त्यात विरळ आयनद्रायू, म्हणजे प्लाझ्मा, भरलेला असतो. तो इतका विरळ असतो की त्यातले कण एकमेकांवर क्वचितच आदळतात. मग ऊर्जा इकडून तिकडे जाते कशी? हे काम लहरी करतात. चुंबकीय क्षेत्र आणि आयनद्रायू मिळून लहरी वाहून नेऊ शकतात, हे हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये दाखवलं. १९७० च्या नोबेल पारितोषिकात या कामाचा वाटा होता. यातल्या काही लहरी इतक्या संथ असतात की एका आवर्तनाला काही मिनिटं लागतात, तर ‘कोरस’ नावाच्या लहरी सेकंदाला काहीशे ते काही हजार आवर्तनं करतात. झोका नेमक्या वेळी ढकलला तर हलक्या हातानेही तो उंच जातो. कोरस लहरी इलेक्ट्रॉनना तसंच तालात ढकलतात. पृथ्वीभोवतीच्या प्रारण पट्ट्यांतले काही इलेक्ट्रॉन त्यामुळे उपग्रहांची यंत्रणा बिघडवण्याइतके वेगवान होतात, तर काही मार्ग बदलून वातावरणात येऊन पडतात. म्हणजे या लहरी धोका निर्माणही करतात आणि निवारतातही. कोरस लहरींच्या छोट्या, सुसंगत तुकड्यांमुळे इलेक्ट्रॉनची दिशा किती झपाट्याने बदलू शकते, याचा हिशोब लखीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडला. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत काही मिलिसेकंदांपुरत्या उमटणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या एकाकी लहरींचाही अनेक वर्षं अभ्यास झाला आहे. २०२२ मध्ये भारती काकड, अमर काकड आणि सहकाऱ्यांनी ‘मेव्हन’ यानाच्या नोंदींतून अशा लहरी मंगळाभोवतीही असल्याचं दाखवलं.

इथे पहिला आक्षेप येतो. अवकाशयानं थेट त्या प्रदेशात जाऊन मोजमाप करत असतील, तर किनाऱ्यावरच्या वेधशाळेची गरज काय? शिवाय आपण विषुववृत्ताच्या जवळ, म्हणजे या घडामोडींपासून दूर. याचं उत्तर भूमितीत आहे. तलासरी तालुक्यातलं, गुजरात सीमेजवळचं झरी गाव घ्या. साठ अंश चुंबकीय अक्षांशावरून निघालेली क्षेत्ररेषा पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे २५,००० किलोमीटरपर्यंत जाते, थेट प्रारण पट्ट्यांत. झरीतून निघालेली रेषा मात्र जमिनीपासून काहीशे किलोमीटर चढते आणि आयनांबरातूनच, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातूनच, खाली वळते. म्हणजे झरीसारख्या गावात बसवलेल्या किंवा अलिबागच्या वेधशाळेतल्या चुंबकमापकात दूरच्या चुंबकावरणातला हेलकावा उमटला, तर तो रेषेवरून सरळ घसरत आलेला नसतो. क्षेत्ररेषा ओलांडत, आडव्या वाटेने आलेला असतो. रात्रीच्या बाजूला ऊर्जेचा अचानक निचरा झाला की साधारण ४० ते १५० सेकंदांच्या आवर्तनाचे हेलकावे आपल्यासारख्या कमी अक्षांशांवरही जवळपास त्याच वेळी दिसतात. ते इथे कसे पोचतात, हे फक्त इथे मोजूनच कळेल. यान एका क्षणी एकाच जागी असतं. जमिनीवरचं केंद्र एकाच जागी राहून वर्षानुवर्षं पाहतं. दोन्ही नोंदी जोडल्या, तरच लहर कुठून निघाली आणि कुठे पोचली, हे सांगता येतं. मोठ्या वादळात पृथ्वीभोवती वाहणारा वलयप्रवाह किती तीव्र आहे, हेही ध्रुवीय प्रकाशाच्या गोंधळापासून दूर, कमी अक्षांशांवर अधिक स्वच्छ मोजता येतं. १८५९ च्या वादळाचा अंदाज कुलाब्यावरून बांधता आला तो यामुळेच.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे आणि तो शास्त्रज्ञांनीच घेतला. कुलाब्यातली घसरण फार खोल होती, पण तितक्याच झटकन ती भरूनही आली. केवळ वलयप्रवाह इतक्या लवकर ओसरेल का? काहींच्या मते त्या घसरणीत इतर प्रवाहांचाही हात असावा. वादळाची तीव्रता सांगणारा आजचा निर्देशांक तासाच्या सरासरीवर काढतात. त्या हिशोबाने १८५९ चा आकडा १६०० च्या निम्म्याच्या जवळ येतो. हा वाद खरा आहे आणि तो अजून मिटलेला नाही. पण त्यातून वहीचं मोल कमी होत नाही, उलट वाढतं. वाद घालता येतो तो वाचनं दाट घेतली होती म्हणून. तासाला एकच आकडा लिहिला असता, तर घसरण किती खोल आणि किती क्षणिक होती, हा प्रश्नच उभा राहिला नसता. शिवाय निम्मा आकडा धरला तरी १३ मार्च १९८९ च्या वादळाला तो मागे टाकतो, आणि त्या वादळात कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातली सुमारे साठ लाख माणसं नऊ तास विजेविना होती.

तिसरा आक्षेप सर्वांत जवळचा. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसत राहिले, लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या. अशा ठिकाणी अवकाशातल्या लहरींवर पैसा कशाला? पहिली गोष्ट, या लहरींचा त्या धक्क्यांशी संबंध जोडायला आधार नाही. तसा दावा कुणी केला तर सावध राहावं. पण त्या धक्क्यांनी जे शिकवलं, ते इथे तंतोतंत लागू आहे. जादा भूकंपमापक तिथे बसले ते धक्के सुरू झाल्यावर. आधीच्या शांत काळाची तितकीच बारीक नोंद असती, तर काय बदललं हे लवकर कळलं असतं. चुंबकीय वादळाचंही तसंच आहे. वादळ आल्यावर शांत दिवसाची नोंद नव्याने मिळवता येत नाही. आणि झळ फक्त दूरदेशांना बसते असंही नाही. डहाणूचा मच्छीमार समुद्रात उपग्रहाच्या आधाराने दिशा ठरवतो. तो संकेत आयनांबरातून येतो आणि आपल्या अक्षांशांवर आयनांबर विशेष अस्वस्थ असतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये, मोठं म्हणता येणार नाही अशा वादळात, स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ४९ पैकी बहुतेक उपग्रह जळून गेले. आपल्या अक्षांशावर वीजजाळ्याला क्वेबेकइतका धोका नाही, हे मान्य. पण किती कमी आहे, हे मोजूनच सांगावं लागेल.

नोंद टिकवायला पैशाइतकीच लागते ती जागेची शांतता. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची वाचनं बिघडतील हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय केंद्र अलिबागला हलवलं गेलं. १९०४ पासून तिथे वाचनं सुरू झाली, आणि १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजून जुनी मालिका नवीशी जोडून घेतली. ट्रामही आली आणि नोंदही तुटली नाही. १८४१ पासूनची ही मालिका आज जगातल्या मोजक्या दीर्घ मालिकांत गणली जाते, ती या दोन वर्षांच्या खबरदारीमुळे. आज पालघरपासून रायगडपर्यंत विजेवरची रेल्वे, उच्चदाब वाहिन्या आणि बांधकामं वाढत आहेत. ती थांबावीत असं कुणी म्हणणार नाही. पण अलिबागच्या केंद्राभोवतीची शांतता नियोजनाच्या नकाशावर आखून द्यावी, जुन्या वह्यांची प्रत्येक वाचनासह डिजिटल प्रत सर्वांना खुली करावी, आणि केंद्र कधी हलवावंच लागलं तर आधी काही वर्षं दोन्हीकडे मोजावं, एवढं तरी महाराष्ट्राने ठरवायला हवं. भारताचं आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून सूर्याच्या दिशेने पंधरा लाख किलोमीटरवर आपल्या कक्षेत आहे आणि सौरवाऱ्याचं चुंबकीय क्षेत्र मोजतं आहे. तिथून पुढे आलेल्या धक्क्याचा इथे काय परिणाम झाला, हे सांगणारा आकडा अलिबागलाच मिळणार आहे. आणि तो मागच्या पावणेदोनशे वर्षांशी ताडून पाहता आला, तरच त्याला अर्थ राहील.