पुरस्कारांची वर्गवारी आणि 'जैत रे जैत'ची बोली

एखाद्या श्रेष्ठ चित्रपटाची पुरस्कारांच्या वेळी उपेक्षा झाली, असे म्हटले जाते तेव्हा दोष बहुधा परीक्षकांच्या अभिरुचीला दिला जातो. तो कित्येकदा यथार्थही असतो. परंतु उपेक्षेचे आणखी एक कारण संभवते, आणि ते परीक्षक एकत्र बसण्यापूर्वीच अस्तित्वात असते. पुरस्कार कोणकोणत्या गुणांना द्यावयाचे हे आधीच ठरलेले असते. जो गुण त्या वर्गवारीत नाही, त्याची गणनाच होत नाही. डॉ. जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला 'जैत रे जैत' (१९७७) हा चित्रपट या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

गो. नी. दांडेकर यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाची पटकथा सतीश आळेकर यांची, गीते ना. धों. महानोर यांची व संगीत हृदयनाथ मंगेशकर यांचे आहे. कथा ठाकर समाजातील आहे. भगताचा मुलगा नाग्या याला लिंगोबाच्या डोंगरावरील मोहोळातील राणीमाशी पाहावयाची आहे. त्यासाठी पुण्यवंत होण्याची त्याची धडपड चालते. माश्यांच्या दंशाने त्याचा एक डोळा जातो, श्रद्धेचे रूपांतर वैरात होते, आणि नवऱ्याला सोडून आलेली चिंधी या वैरात त्याची सोबतीण बनते. या भूमिका अनुक्रमे मोहन आगाशे व स्मिता पाटील यांनी केल्या.

ज्या समाजाची ही कथा, त्याच्या वाड्या सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेल्या आहेत. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके त्या प्रदेशातच मोडतात. माहुली आणि सिद्धगड यांच्या परिसरातील डोंगरपट्ट्यात म-ठाकूर व क-ठाकूर या दोन्ही शाखांचे लोक कातकरी व महादेव कोळी यांच्या शेजारी राहत आले आहेत. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) ठाकरीची नोंद मराठीची एक पोटबोली म्हणून आहे. मूर्धन्य णकाराच्या जागी दंत्य नकार येणे, 'पाणी'चे 'पानी' होणे, यांसारखी उत्तर कोकणातील अनेक बोलींची लक्षणे अभ्यासकांना परिचित आहेत.

चित्रपटातील भाषा म्हणजे ठाकरीचे यथातथ्य ध्वनिमुद्रण नव्हे. पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला ती समजली पाहिजे, ही अट तिच्यावर होतीच. शिवाय गीतकार महानोर हे मराठवाड्यातील पळसखेड्याचे, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचे. ठाकरांच्या मुलुखापासून दूरचे. तथापि या भाषेने एक अवघड गोष्ट साधली. मराठी रंगभूमीवर व पडद्यावर ग्रामीण बोलीचा उपयोग पुष्कळदा हास्योत्पादनासाठी होत असे. येथे तीच बोली देवाविषयीचा संशय, स्त्रीपुरुषांचे प्रेम आणि सूड यांचा भार पेलते. पात्रे बोलता बोलता गाऊ लागतात, तेव्हा भाषेचा पोत तुटत नाही. गीत हा कथेचाच पुढचा भाग ठरतो.

या चित्रपटाला काहीच मिळाले नाही, असे मात्र नाही. १९७७ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे रजतकमळ त्यालाच मिळाले. अखिल भारतीय सन्मान 'घटश्राद्ध' या कन्नड चित्रपटाला लाभला. संगीताचा पुरस्कारही त्याच चित्रपटासाठी ब. व. कारंत यांना, तर अभिनयाचा स्मिता पाटील यांना 'भूमिका'साठी मिळाला. यांतील एकही निर्णय अनुचित म्हणता येणार नाही. परंतु राष्ट्रीय पुरस्कारांत नामांकनाची पायरी नाही; विजेत्याच्या लगत कोण पोहोचले होते, याची नोंद म्हणून राहत नाही. पटकथेला १९६७ च्या चित्रपटांपासून पुरस्कार होता, पण संवादांना स्वतंत्र स्थान मिळाले ते २००९ च्या चित्रपटांपासून. अर्थात १९७७ साली पात्रांच्या भाषेची घडण ही स्वतंत्रपणे परीक्षिण्याची बाबच नव्हती. ऑस्करच्या परभाषीय विभागात तर एका देशाचा एकच चित्रपट जातो. १९५७ साली 'मदर इंडिया'ने भारताचा आरंभ झाला, आणि पहिला मराठी चित्रपट, 'श्वास', २००४ साली पाठविला गेला.

येथे भाषाशास्त्राचा एक मुद्दा उपस्थित होतो. ठाकरी ही मराठीची बोली असल्याने हा चित्रपट मराठीच्या वर्गात बसला, हे शास्त्रदृष्ट्या योग्यच होय. परंतु वर्गाचे नाव एकदा 'मराठी' असे पडले, की त्या नावाखाली कोणती मराठी बोलली गेली, हा प्रश्न मावळतो. संगीत, गीते व अभिनय यांच्या जोडीला संवादांसाठीही हा चित्रपट अखिल भारतीय नामांकनास पात्र होता, असे आज म्हणता येते. पण त्यातील शेवटच्या गुणासाठी त्या वेळी चौकटच नव्हती.

या उपेक्षेने चित्रपटाची फारशी हानी झाली नाही. त्याची गीते आजही लोकांच्या ओठी आहेत. हानी झाली ती बोलीविषयीच्या कुतूहलाची. चित्रपटातील कोणते शब्द ठाकरांचे, कोणते महानोरांच्या मुलुखातले आणि कोणते केवळ प्रेक्षकाच्या सोयीसाठी घडविलेले, हे शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतील वृद्ध भाषक ऐकताक्षणी सांगू शकतील. त्यांच्या नातवंडांचे शिक्षण प्रमाण मराठीत होत असल्याने ही कसोटी फार काळ उपलब्ध राहील असे नाही. जे काम पुरस्कारांच्या वर्गवारीत बसले नाही, ते भाषेच्या अभ्यासकाच्या कक्षेत निश्चितपणे बसते. आणि ते हाती घेण्यास कोणत्याही परीक्षक मंडळाची अनुमती लागत नाही.