भरती-ओहोटीच्या हिशोबाने मुक्काम

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाला मारहाऊपासून वाइनुईपर्यंत साठ किलोमीटरची किनारवाट आहे, एबल टास्मन कोस्ट ट्रॅक. वाटेत मुक्कामाला चार सरकारी हट आहेत: अँकरेज, बार्क बे, अवारोआ आणि फारिफारांगी. गेल्या ऐंशी वर्षांत या किनाऱ्याचा चेहरामोहरा बदलला, पण हटमधल्या रात्रीचा साधेपणा टिकला. तो आपोआप टिकलेला नाही. कुणीतरी वेळोवेळी तसं ठरवलं, म्हणून टिकला.

एकोणिसाव्या शतकात इथे आलेल्या युरोपीय वसाहतकऱ्यांनी जंगल तोडलं, जाळलं, गुरांसाठी कुरणं केली. अवारोआत जहाजं बांधली, टोंगा बे इथे ग्रॅनाइटची खाण काढली. जमीन निकस होती, तिने फार काळ साथ दिली नाही. पक्ष्यांच्या अभ्यासक पेरिन मॉनक्रिफ यांनी उरलंसुरलं वाचवण्यासाठी पाठपुरावा केला आणि १९४२ साली राष्ट्रीय उद्यान झालं. डच दर्यावर्दी एबल टास्मन या भागात आला त्याला तेव्हा तीनशे वर्षं होत होती, म्हणून उद्यानाला त्याचं नाव मिळालं. मला ते आजही खटकतं. १६४२ मध्ये त्याची स्थानिक माओरींशी चकमक झाली, त्याचे चार खलाशी मारले गेले आणि तो किनाऱ्यावर पाऊल न ठेवताच निघून गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणाऱ्यांचं नाव उद्यानाला शोभलं असतं.

शेतकऱ्यांच्या त्या काळाची सर्वांत बोलकी खूण म्हणजे फारिफारांगीचा हट. १८९६ च्या सुमाराचं हे दुमजली लाकडी घर. वस्ती उठल्यावर ते ओस पडलं, पुढे दुरुस्त करून वाटसरूंसाठी खुलं केलं. नवं काही बांधण्यापेक्षा हे किती शहाणपणाचं झालं! एकेकाळी ज्या उतारांवर कुरणं होती तिथे आता रान पुन्हा वर येतंय, आणि त्या रानाच्या कडेला हे घर उभं आहे.

हटमध्ये मिळतं ते मोजकंच: बंक, गादी, उबेसाठी शेगडी, गार पाण्याचा नळ, संडास. स्वयंपाकाची सोय नाही. स्टोव्ह, भांडी, शिधा सगळं पाठीवरून न्यायचं आणि कचरा परत आणायचा. संध्याकाळी एका लांब टेबलावर चार-पाच छोटे स्टोव्ह फुरफुरत असतात, कुणाचा भात शिजतो, कुणाच्या नूडल्स, आणि अनोळखी माणसं मीठ मागता मागता बोलायला लागतात. बाहेर ठेवलेली वस्तू वेका हा न उडणारा धीट पक्षी पळवेल, म्हणून बूट आत घ्यायचे. सँडफ्लाय चावून चावून हैराण करते ती वेगळीच.

अवारोआत तर झोपेची वेळही समुद्र ठरवतो. तिथली खाडी ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दोन तास, एवढ्याच वेळात ओलांडता येते. भरतीसाठी दुसरी वाट नाही. ओहोटी पहाटेची असेल तर सगळा हट अंधारातच उठतो. डोक्याला टॉर्च, हातात बूट आणि शिंपल्यांनी भरलेल्या गार चिखलातून वाट काढणारी माणसं. ही सक्ती मला या वाटेवरची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

नव्वदच्या दशकात ही वाट सरकारच्या निवडक ‘ग्रेट वॉक’ पायवाटांपैकी एक झाली, गर्दी वाढली. २०१३ साली अँकरेजला ३४ बंकांचा नवा हट झाला. आता वर्षभर आगाऊ बुकिंग लागतं. येईल त्याला जागा, ही मोकळीक गेली. मला बुकिंग मान्य आहे, कारण त्याशिवाय हा किनारा तुडवला गेला असता. २०१८ पासून परदेशी पाहुण्यांना जास्त दर लावला, तोही रास्तच. वाटेची, हटांची डागडुजी करायला पैसा लागतो.

या किनाऱ्याबद्दलची आपुलकी २०१६ साली उघड दिसली. अवारोआचा एक खासगी किनारा विकायला निघाला, तेव्हा एका मेव्हण्या-भावोजींच्या जोडीने लोकांना हाक दिली. सुमारे चाळीस हजार जणांनी मिळून वीस लाख न्यूझीलंड डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, तो किनारा विकत घेतला आणि राष्ट्रीय उद्यानाला देऊन टाकला. त्याच वाळूवर आता कुणीही पाय ठेवू शकतो.