फड उभा राहतो कसा? तंत्र आणि कलेची बैलजोडी

वाचकहो, गुढीपाडवा जवळ आला की गावोगावच्या यात्रा कमिट्यांची लगबग सुरू होते. वर्गणीच्या वह्या निघतात, पालखीचा मान कुणाचा, कुस्त्यांचा हगामा कधी यावर चर्चा झडतात आणि शेवटी गाडी येऊन थांबते ती एकाच प्रश्नावर : यंदा तमाशा कुणाचा आणायचा? मग चार पंच गाडी करून नारायणगावला जातात. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या या जुन्नर तालुक्यातल्या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, बाहेर फळे झळकतात आणि आत सुपारीचा भाव ठरतो.

भाव करताना आपण काय विचारतो? नाचणाऱ्या किती, सोंगाड्या कोण, वग कोणता. झाले. पण जे आपण विकत घेतो ते नुसते नाचगाणे नसते. तो एक चालता-फिरता कारखाना असतो. आज एका गावात उभा राहतो, रात्रभर चालतो, पहाटे मोडला जातो आणि दुसऱ्या दिवशी चाळीस-पन्नास मैलांवर पुन्हा उभा राहतो. हा कारखाना चालतो कसा ते आज आपण पाहू. कारण तो नीट कळला तर आपल्या गावची यात्राही नीट पार पडेल आणि फडही जगेल.

मोठ्या फडात कलावंत आणि कामगार मिळून शंभराच्या वर माणसे असतात. त्यांतली स्टेजवर दिसतात ती निम्मी धरा. बाकीची म्हणजे तंबूवाले, वायरमन, जनरेटरवाला, माईकवाला, ड्रायव्हर, आचारी, पडदे ओढणारे, तिकीटवाले आणि या सगळ्यांवर नजर ठेवणारा मॅनेजर. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग असा क्रम आपल्याला पाठ असतो. पण गणाचा पहिला सूर लागण्याआधी सात-आठ तासांचे काम होऊन गेलेले असते, ते कुणी पाहत नाही.

जमीन बघून खुंटी

कामानिमित्त आमचे फिरणे शेतशिवारातून. मागे एका गावी पीक पाहणीला गेलो होतो, तेव्हा शेजारच्या मोकळ्या रानात फड उतरत होता. म्हटले, बघू तरी. ट्रक थांबला तसा तंबूवाल्यांचा मुकादम खाली उतरला. त्याने आधी काय केले असेल? टाचेने जमीन उकरली, ढेकूळ उचलून हातात चुरगाळले आणि म्हणाला, "काळी हाय. लांब खुंट्या काढा."

अहो, हे तर आमचेच काम! काळी माती वाळली की भेगाळते, खुंटी हलते. ओली झाली की चिखल होऊन खुंटी निसटते. मुरमाच्या जमिनीत हातभर खुंटी पुरते, काळ्या रानात तीच दीडपट लागते आणि तंबूच्या उलट्या बाजूला कलती ठोकावी लागते, म्हणजे दोराचा ताण आला की ती मातीत अधिक रुतते. या माणसाने मृदशास्त्राचे पुस्तक पाहिलेले नव्हते. पण वारा कुठून येतो, उतार कुठे आहे, पाऊस आलाच तर पाणी कुठे साचेल, याचा हिशेब त्याने पाच मिनिटांत केला आणि स्टेजचे तोंड वाऱ्याकडे पाठ करून लावले. विचारले तर म्हणाला, "साहेब, वारं तोंडावर आलं तर गाणारीचा आवाज मागं जातो आन् पडद्याचं शीड होतं."

बघा, तंबू ठोकणारा माणूस गाणारीच्या आवाजाचा विचार करतो आहे. तंत्र आणि कला म्हणतात ते हेच. या दोन गोष्टी वेगळ्या खोल्यांत राहत नाहीत. एकाच जुवाला जुंपलेली ती बैलजोडी आहे. एक बैल अडला की दुसऱ्याला ओढणे मुश्कील.

दिवटीपासून एलईडीपर्यंत

आपल्या आजोबा-पणजोबांनी तमाशा पाहिला तो दिवट्यांच्या उजेडात. मग ग्यासबत्ती आली, मग जनरेटर आणि वीज. प्रत्येक वेळी तमाशाचे रूपही बदलले. दिवटीच्या उजेडात चेहरा जेमतेम दिसायचा, म्हणून हावभाव मोठे, आवाज खडा आणि झीलकऱ्यांची साथ टिपेची. माईक आला तेव्हा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला खरा, पण नट उभ्या माईकसमोर खिळले. दोन माईक तर दोनच माणसे बोलणार! बतावणीतले धावणे, गुडघ्यावर येणे कमी झाले. पुढे वरून टांगलेले आणि अंगावर लावायचे माईक आले तेव्हा पाय पुन्हा मोकळे झाले. म्हणजे यंत्राने एक दिले तर एक काढून घेतले आणि कलावंताने त्यातूनही वाट काढली.

वगातला चमत्कार, ज्याला फडवाले ट्रिकसीन म्हणतात, तोही असाच. देवी अचानक प्रकट होते आणि बाया हात जोडतात. यामागे काय असते? बहुतेक वेळा एक जाळीचा पडदा. तुमच्यापैकी ज्यांच्याकडे शेडनेट आहे त्यांनी पाहिले असेल की दिवसा बाहेरून आतले काही दिसत नाही, नुसती जाळी दिसते. पण रात्री आत बल्ब लावा, जाळी नाहीशी झाल्यासारखी होते आणि आतली रोपे स्पष्ट दिसतात. पडद्याचे तेच. समोरून प्रकाश टाकला की जाळीवर रंगवलेले देऊळ दिसते. समोरचा दिवा मालवून मागचा लावला की देऊळ विरते आणि मागे उभी असलेली देवी दिसते.

युक्ती एवढीच. पण ती साधते कधी? ढोलकीची थाप, नटाची आरोळी आणि दिवेवाल्याचे बोट ही तिन्ही एका क्षणी पडली तर. अर्धा सेकंद इकडेतिकडे झाला की देवी येण्याऐवजी हशा येतो. म्हणून चांगला दिवेवाला वग तोंडपाठ असलेला असतो. तो स्टेजवर येत नाही, पण तोही नटच.

आणि दर वेळी यंत्रच लागते असेही नाही. सांगली जिल्ह्यातल्या कवलापूरच्या काळू-बाळूंचे उदाहरण घ्या. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. दोघांचे सारखे दिसणे हीच त्यांनी युक्ती केली आणि 'जहरी प्याला' या वगाने महाराष्ट्र हसवला. हाताशी आहे त्याचा उपयोग करणे ही हुशारी आपल्या शेतकऱ्याला काय सांगावी!

वाद्यांचेही शास्त्र आहे. हलगी वाजवण्याआधी ती जाळावर शेकताना तुम्ही पाहिली असेल. हवेत ओलावा असला की कातडे सैल पडते, आवाज बद्द येतो. शेकल्यावर ते ताणते आणि कडक बोलते. पहाटे दव पडू लागले की ढोलकीवाला सारखी ढोलकी चढवताना दिसतो. आम्ही दव पाहिले की रोगाचा विचार करतो, तो सुराचा करतो.

फडाचे अर्थकारण म्हणजे आपलेच

दसऱ्याला फड बाहेर पडतात आणि वैशाखात बुद्धपौर्णिमेच्या सुमारास परत येतात. पण खर्च दसऱ्याच्या आधीच सुरू झालेला असतो. कलावंतांना उचल द्यावी लागते, गाड्यांची कामे, कनात, पडदे, कपडे. यासाठी मालक कर्ज काढतात, त्यात खासगी सावकाराचेही असते. तंबूतल्या तिकिटाच्या खेळांवर रोजचा खर्च कसाबसा निघतो. खरी कमाई चैत्र-वैशाखातल्या यात्रांच्या सुपारीवर.

वाचकहो, हे ओळखीचे वाटते ना? पेरणीला कर्ज, सहा महिने राबणूक आणि हातात पैसा येण्याचे दिवस मोजके. त्यातच अवकाळी आला की द्राक्षवाला आणि तमाशावाला एकाच रात्री बसतात. २०२० साली तर गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि त्याच दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली. त्या साली यात्राच भरल्या नाहीत. पुढच्या २०२१च्या चैत्रात दुसरी लाट. लागोपाठ दोन हंगाम बुडाले, उचल मात्र अंगावर राहिली. आपल्या पिकाला निदान पंचनामा तरी होतो, रद्द झालेल्या सुपारीचा पंचनामा कोण करणार?

अशा दिवसांत पहिली कुऱ्हाड पडते ती न दिसणाऱ्या माणसांवर. गाणारी ठेवावीच लागते, पण जाणता वायरमन कमी करून एखादा पोरगा घेतला जातो. मग रात्री वायर तापते, माईक खरखरतो आणि लोक म्हणतात, "तमाशात आता पूर्वीची मजा राहिली नाही." मजा कुठे गेली ते मात्र कुणी शोधत नाही.

नारायणगावच्या विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. २००२ साली त्या गेल्या. आज त्यांच्या नावाने राज्य शासन तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देते. हे योग्यच आहे. पण विठाबाईंच्या पायाखालच्या फळ्या कुणी ठोकल्या, त्यांच्या तोंडावर उजेड कुणी धरला, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

यात्रा कमिटीने काय करावे?

आता थोडे कामाचे बोलतो. सुपारी लाखांत जाते. एवढा पैसा घालताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली जागा. नांगरलेले किंवा नुकतेच भिजवलेले रान देऊ नये. मुरमाड, थोडा उतार असलेली जागा उत्तम. वरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा सोडून द्यावी, मग ती कितीही सोयीची असो.

दुसरी वीज. आकडा टाकून किंवा शेतीपंपाच्या पेटीतून जोड देऊन तमाशा करू नये. एका गावी असाच जोड दिला होता. ऐन वगात न्यूट्रल तुटला, दाब वाढला आणि दिवे व अॅम्प्लिफायर एका दमात जळाले. नुकसान फडाचे आणि शिव्याही फडालाच! महावितरणकडून रीतसर तात्पुरती जोडणी घ्यावी किंवा जनरेटरच्या डिझेलचे सुपारीतच ठरवावे. अर्थिंग केले का, हे पंचांपैकी एकाने स्वतः पाहावे. हजार वॅटच्या हॅलोजनचे काम आता दीडशे-दोनशे वॅटचा एलईडी करतो. ज्या फडाने असे दिवे घेतले आहेत त्याला डिझेल कमी लागते, हेही भाव करताना ध्यानात असू द्यावे.

तिसरी वेळ. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. ठरावीक दिवसांपुरती बारापर्यंत सवलत शासन देऊ शकते, तीही वर्षाला पंधरा दिवसांहून जास्त नाही. तेव्हा आपली तारीख त्यात बसते का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारावे. आपल्याकडे साडेनऊपर्यंत सत्कार चालतात आणि मग वगाला वेळ उरत नाही. पुढाऱ्यांचे नारळ-फेटे संध्याकाळीच उरकावेत. वग पूर्ण होऊ द्यावा, कारण फडाची सगळी कारागिरी त्यातच असते.

चौथी आणि महत्त्वाची गोष्ट माणसांची. शंभर माणसांना पिण्याचे पाणी, बायांना आडोशाची जागा व स्वच्छतागृह आणि दुपारी सावली एवढे गावाने द्यावे. रात्रभर जागून प्रवास करून आलेली ही माणसे असतात. ठरलेली बिदागी पहाटे फड हलण्याआधी हातात द्यावी. "पुढच्या वर्षी बघू" ही भाषा नको.

त्या दिवशी परतताना मी मुकादमाला विचारले, "तमाशा बघता का कधी?" तो हसला. म्हणाला, "तीस वर्षं झाली. पुढून एकदाबी न्हाई बघितला. पण आवाजावरनं सांगतो, आज रंगला का न्हाई."

यंदा यात्रेत वग संपला की लगेच उठू नका. पाच मिनिटे थांबा. दिवे उतरवणाऱ्या, दोर सोडणाऱ्या त्या माणसांकडे एकदा बघा आणि टाळ्या त्यांच्यासाठीही वाजवा. त्यांना पुढच्या गावी जायचे असते.