कोळी नवीन वाटतोय? आधी तो वयात आलाय का ते बघा

पीएचडीच्या पहिल्या वर्षी इथेच, छत्रपती संभाजीनगरात, मेंदीच्या कुंपणावर मला चारेक मिलिमीटरचा एक उड्या मारणारा कोळी दिसला. पुस्तकातल्या एकाही फोटोशी जुळेना. नवीन प्रजाती! लगेच ७० टक्के अल्कोहोलमध्ये टाकला. सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा कळलं, नर आहे, पण शेवटची कात टाकायची राहिलीये. एक जीव फुकट गेला. तसा दुसरा पुन्हा मिळालाच नाही.

हे तुमच्या बाबतीत होऊ नये म्हणून लिहितोय. कोळ्याचा रंग फसवा असतो. वयानुसार बदलतो, अल्कोहोलमध्ये उडून जातो (म्हणून जिवंतपणीच फोटो काढा). प्रजाती ठरते ती मुख्यतः जननेंद्रियांवरून. नराच्या तोंडाजवळ पायांसारखे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पाल्प म्हणतात. प्रौढ नरात पाल्पच्या टोकाला कडक, गुंतागुंतीची रचना दिसते. त्यातल्या एम्बोलस या काट्याचा आकार बघायचा. वयात येऊ घातलेल्या नराचे पाल्प फुगलेले, पण गुळगुळीत असतात. मी तिथेच फसलो. मादीत पोटाखालची एपिजायन बघतात, आणि आतल्या नलिका दिसाव्यात म्हणून तो भाग लॅक्टिक ॲसिडमध्ये पारदर्शक करून घेतात.

एवढी काटेकोर मोजमापं आणि चित्रं झाली, की मग नाव. २०२१ मध्ये ध्रुव प्रजापती आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला 'इसिअस तुकारामी' हे नाव दिलं, २६/११ ला कसाबला पकडून ठेवताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. पुरुषाच्या नावापुढे 'ई' लावायचा हा लॅटिनचा नियम. एकदा छापलेलं नाव सहजासहजी पुसता येत नाही. पिल्लावरून घाईत नाव दिलंत, तर पुढचा प्रत्येक अभ्यासक 'हा नेमका कोण?' म्हणत तुमचा नमुना संग्रहालयातून मागवत बसणार.

मग करायचं काय? कोळी लहान वाटला तर मारू नका. नळीत ठेवा, कापसाला पाणी लावा, दोन-तीन दिवसांनी फळमाश्या द्या. टाकलेली कातही जपून ठेवा. लेबलवर जागा, तारीख आणि झाड त्याच दिवशी लिहा, नंतर आठवत नाही.

आत्ता माझ्या टेबलावर तीन नळ्या आहेत. त्यातल्या एकीने परवापासून माशीला तोंड लावलेलं नाही, रेशमाची पिशवी विणून आत बसलीये. बहुतेक कात टाकणार.